रविवारी भिंत फोडायची का? सुट्टीच्या दिवसाचा थोडा इतिहास

मागच्या उन्हाळ्यात वरवट बकालला आमच्या घराचं काम काढलं. काम तसं लहान होतं. समोरच्या खोलीच्या भिंतींना कमरेपर्यंत टाइल्स आणि जुनी वायरिंग काढून नवी. मी सुट्टीवर घरी होते, बाबांना फक्त रविवारी वेळ, म्हणून रविवार ठरला. सकाळी नऊला मिस्त्री आला, कटर लावला, आणि दहा मिनिटांत शेजारच्या वहिनी दारात.

"ताई, काही नाही वो, पण हे रातभर गाडीवर होते. आताच डोळा लागला होता त्याईचा."

शेजारचे दादा शेगावच्या स्टेशनवरून रात्री-अपरात्री उतरणाऱ्या भाविकांना गाडीने सोडतात. सकाळी सहाला घरी येतात. म्हणजे ज्या वेळी आम्हाला वाटत होतं की "नऊ वाजले, आता सगळे उठले असतील", ती त्यांची मध्यरात्र होती. मी कटर बंद करायला सांगितलं. मिस्त्री म्हणाला, "मग माझ्या हजेरीचं काय?" त्याचंही बरोबर. आणि बाबा म्हणाले, "आपला एकच रविवार असतो." त्यांचंही बरोबर!

अंगणात उभं राहून माझ्या लक्षात आलं, की इथे तीन माणसांच्या तीन सुट्ट्या एकमेकींवर आपटतायत, आणि हा रविवार नेमका कोणाचा हे कोणालाच माहीत नाही. माझं पीएचडीचं काम मातीच्या भिंतींवर आहे. त्या निमित्ताने जुने कागद, कायदे, गॅझेटियर वाचावे लागतात. त्या वाचनातून आणि एमएस्सीला शिकलेल्या भौतिकशास्त्रातून या भांडणाचा मागोवा घेतला, तो हा लेख.

आधी हे काम सारखं का निघतं ते सांगते. आमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातला. बुलडाणा, अकोला, अमरावती या तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे. जमिनीखालचं पाणी खारट, वर काळी कपाशीची माती. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे पाया हलका असेल तर घराला तडे जातात. दुसरीकडे जमिनीतली ओल विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढते, पृष्ठभागावर येऊन वाळते आणि क्षार तिथेच सोडून जाते. त्या क्षाराचे स्फटिक वाढताना प्लास्टरला आतून ढकलतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. दर काही वर्षांनी गुडघ्या-कमरेपर्यंतचं प्लास्टर पोपडे होऊन गळतं, आणि मग कोणीतरी टाइल्स लावायचा उपाय सुचवतो. (टाइल्सने ओल थांबत नाही, ती टाइल्सच्या वर जाऊन बाहेर पडते. हे मी घरी सांगितलं. कोणी ऐकलं नाही. पीएचडीचा घरात एवढाच उपयोग.)

आता गंमत बघा. हाच खार आपल्या पणज्या-पणजोबांच्या कामाचा होता. धाब्याच्या घराच्या छतावर वरचा थर खाऱ्या मातीचा द्यायचे. सोडियम जास्त असलेल्या मातीतले चिकणमातीचे कण पाणी लागलं की सुटे होतात आणि छिद्रं बुजवतात, म्हणून पाणी खाली झिरपत नाही. पावसाळ्याआधी दर वर्षी धाब्यावर नवी माती टाकून चोपायची, भिंती लिंपायच्या, भुई सारवायची. म्हणजे दुरुस्ती तेव्हा आजच्यापेक्षा जास्त होती, दर वर्षी होती. पण त्या दुरुस्तीचा शेजाऱ्याला त्रास झाल्याची गोष्ट आमच्या आजीच्या पिढीकडून मी कधी ऐकली नाही.

याचं कारण माणसं जास्त समजूतदार होती असं मला वाटत नाही. शेजाऱ्यांची भांडणं तेव्हाही होती: पन्हाळाच्या पाण्यावरून, बांधावरून, कोंबड्यांवरून. आवाजही होते. पहाटे जातं होतं, कांडण होतं, लोहाराचा घण होता. पण घराच्या दुरुस्तीचं हत्यार म्हणजे हाताचा पंजा, फार तर फावडं आणि चोपणं. त्यात भिंत जाड. मातीची दीड फुटाची, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटरची भिंत धरली, तर एका चौरस मीटरला तिचं वजन ७५० किलोच्या आसपास भरतं. आजची चार इंची विटेची भिंत भरते २०० किलोच्या जवळपास. हवेतून येणारा आवाज अडवण्याचं काम मुख्यतः भिंतीचं वजन करतं. वजन दुप्पट झालं की आवाज ५ ते ६ डेसिबलने जास्त अडतो. इथे वजन जवळजवळ चौपट, म्हणजे मातीची भिंत १० डेसिबल किंवा थोडा जास्तच आवाज अडवणार. १० डेसिबलचा फरक आपल्या कानाला साधारण अर्ध्या आवाजाइतका वाटतो.

आणि ड्रिल जर थेट सामाईक भिंतीतच चालत असेल, तर हे गणितही कामाचं नाही. तेव्हा आवाज हवेतून येत नाही, भिंत स्वतःच थरथरते. शेजाऱ्याच्या खोलीत ती लाऊडस्पीकरच्या पडद्यासारखी वागते. आमच्या गल्लीत अशा सामाईक भिंती किती आहेत, ते मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरणार नाहीत.

हे झालं भिंतीचं. आता सुट्टीचं.

रविवारची सुट्टी आपल्याकडे इतकी मुरली आहे की ती पंचांगातूनच आली असावी असं वाटतं. तसं नाही. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी सुतार, लोहार, गवंडी अमावास्येला हत्यार खाली ठेवत. अजूनही काही जुने कारागीर ठेवतात. साडेएकोणतीस दिवसांतून एकदा. मजुराची खरी सुट्टी म्हणजे आठवडी बाजाराचा दिवस. आठवड्याची मजुरी हातात पडायची ती बाजाराच्या हिशोबाने, आणि बाजार करायला वेळ हवा म्हणून काम बंद. बैलाला पोळा. बाईला? सण म्हटला की बाईचं काम दुप्पट, तेव्हा तिच्या सुट्टीचा शोध मी अजून घेतेय.

म्हणजे जुन्या गावात सगळ्यांनी एकाच दिवशी थांबायचं अशी आठवड्याची रीत नव्हतीच. ज्याची त्याची सुट्टी वेगळी. रविवार आला तो कचेऱ्यांतून आणि मुंबईच्या गिरण्यांतून, आणि गिरण्यांतला तर मागून घ्यावा लागला.

मुंबईत पहिली कापड गिरणी उभारण्याचा खटाटोप कावसजी दावर यांनी १८५४ साली सुरू केला. त्यानंतरच्या तीस वर्षांत परळ-लालबागकडे धुराडी उभी राहिली. कामाची वेळ म्हणजे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला तो मुलांपुरता. महिन्याला चार सुट्ट्या मिळाल्या त्याही मुलांनाच. मोठ्या माणसांबद्दल कायदा गप्प होता.

नारायण मेघाजी लोखंडे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. २००५ साली त्यांचं टपाल तिकीटही निघालं. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, 'दीनबंधु'चे संपादक, आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन सरकारच्या आयोगाकडे दिलं. मागण्या साध्या होत्या: दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला मदत. आणि पहिली मागणी, दर रविवारी पूर्ण दिवस विश्रांती.

या 'पूर्ण' शब्दावर मी थोडी थांबले. पूर्ण कशाला म्हणायचं? रविवार म्हणजे रविवार, त्यात अर्धा काय आणि पूर्ण काय? उत्तर आमच्या टाइल्सच्या भांडणाच्या अगदी जवळचं निघालं. अनेक गिरण्यांत रविवारी यंत्रं थांबली, तरी माणसं थांबत नव्हती. यंत्रं पुसायला, साफ करायला, दुरुस्त करायला रविवारी सकाळी कामगारांना बोलवायचे. दुरुस्ती चालत्या यंत्रावर करता येत नाही, म्हणून ती सुट्टीच्या दिवशी. मालकाच्या दृष्टीने हे तर्काला धरून होतं, जसं बाबांच्या दृष्टीने रविवारीच वायरिंग बदलणं तर्काला धरून होतं. पण त्या तर्कात कामगाराचा रविवार दुपारपर्यंत संपलेला असायचा. कागदावर सुट्टी, प्रत्यक्षात अर्धा दिवस.

पुढे २४ एप्रिल १८९० ला मुंबईत कामगारांची मोठी सभा झाली. दहा हजारांच्या आसपास माणसं होती, आणि दोन कामगार बायकांनीही भाषण केलं. १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी, १८९१ च्या कायद्यात, आठवड्याची सुट्टी आली. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगमध्ये गेले, साथीच्या रुग्णांसाठी काम करताना. त्यांनी मिळवलेला रविवार त्यांना स्वतःला सात वर्षंही पुरता लाभला नाही.

मग हा रविवार आमच्याकडे, वऱ्हाडात, कधी पोचला?

उशिरा. खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ. १८७० मध्ये जलंब ते खामगाव असा खास रेल्वेचा फाटा टाकला गेला, तो कापसासाठी. (तेव्हा खामगाव आणि जळगाव हे दोन्ही तालुके अकोला जिल्ह्यात होते. बुलडाण्यात आले १९०५ साली.) कापसाबरोबर जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने आले. पण १८८१ चा कायदा वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागूच नव्हता, आणि सरकी काढायचं काम तर हंगामी. कापसाचा हंगाम तेवढा पळून घ्यायचा. १८८५ च्या मुंबईच्या आयोगासमोर खानदेशातल्या जिनिंगची जी साक्ष झाली, ती वाचून मला पुस्तक मिटावं लागलं. पहाटे चार-पाचपासून रात्री आठ-नऊपर्यंत काम, आणि हंगामाचा जोर असला की माणसं आजारी पडेपर्यंत सलग दिवस-रात्र. सरकीच्या यंत्रांवर बहुतेक बायका. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते १९११ च्या कायद्याने. मुंबईच्या गिरणीला रविवार मिळाला त्यानंतर वीस वर्षांनी.

आणि ज्या गवंड्यांनी या गिरण्या आणि जिनिंगच्या भिंती बांधल्या, त्यांच्या सुट्टीचा कायदा यायला आणखी ८५ वर्षं गेली. बांधकाम मजुरांचा कायदा १९९६ चा. त्यात सात दिवसांतून एक दिवस विश्रांतीचे नियम करायची तरतूद होती. पण दहा किंवा जास्त मजूर असतील तरच तो लागू. शिवाय एखादा माणूस स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम करून घेत असेल, तर तो त्यातून वगळलेला. आमचा मिस्त्री आणि त्याचे दोन मजूर तर या कायद्याच्या दारातही उभे राहू शकत नव्हते. त्याने "हजेरीचं काय" असं विचारलं, त्यामागे हा सगळा इतिहास उभा होता. त्याला रविवार नाही. त्याला बाजाराचा दिवस आहे, आणि त्या दिवशी त्याला पगार नाही.

आता हत्याराकडे येऊ, कारण त्याच्याशिवाय हे भांडण झालंच नसतं. विजेवर चालणारं हाताचं ड्रिल १८९५ साली जर्मनीत स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने बनवलं. ते इतकं जड होतं की छातीने दाबून चालवायचे. पिस्तुलासारखी मूठ आणि घोडा असलेलं, म्हणजे आज आपण ओळखतो तसं ड्रिल अमेरिकेत ब्लॅक अँड डेकरने आणलं, त्याचं पेटंट १९१७ चं. आपल्या मिस्त्रीच्या पिशवीतला हातातला अँगल ग्रायंडर तर १९५४ चा, तोही जर्मन. म्हणजे लोखंड्यांच्या रविवारापेक्षा ग्रायंडर ६४ वर्षांनी लहान. गावात तो स्वस्त होऊन घरोघर पोचला तो तर माझ्या डोळ्यांदेखत. मी शाळेत असताना फरशी छन्नी-हातोडीने तोडलेली मला आठवते. टाइल्स आल्या, विटेवर चक्ती फिरायला लागली, आणि तेवढ्याच काळात भिंती दीड फुटावरून चार इंचांवर आल्या. एकाच वेळी आवाज वाढला आणि आवाज अडवणारी वस्तू पातळ झाली.

ग्रायंडर जवळून ऐकला तर तो सहज ९० ते १०० डेसिबलच्या घरात जातो. आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत, म्हणजे २००० सालच्या, निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबल हे लॉगरिदमचं माप असल्याने ९५ आणि ५५ मधला फरक दुपटीचा नाही, ऊर्जेत दहा हजार पटींचा आहे. २०१० साली या नियमांत एक दुरुस्ती झाली: आवाज करणारी बांधकामाची यंत्रं निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री वापरायची नाहीत. रात्र म्हणजे दहा ते सहा.

रविवारचा त्यात उल्लेख नाही. आणि सकाळी सहाला झोपणाऱ्या माणसाचा तर नाहीच. जर्मनीत तशी सोय आहे. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून १९१९ च्या वायमार राज्यघटनेत आला आणि ते कलम आजच्या घटनेतही टिकून आहे. तिथे शिकायला गेलेली आमच्या विभागातली एक सीनियर सांगते, की पहिल्याच महिन्यात रविवारी भिंतीत खिळा ठोकला तर खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. त्याही आधीचं उदाहरण रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनचं. इ. स. ३२१ मध्ये त्याने रविवारी शहरांतली कामं बंद ठेवायचा हुकूम काढला, पण शेतकऱ्यांना सूट दिली, कारण पेरणीची वेळ साधायला हवी. हे वाचून मला आमच्याकडचे लोक आठवले. मृगाचा पाऊस पडल्यावर वार कोण बघतो?

मला स्वतःला जर्मन पद्धत इथे आणावीशी वाटत नाही. एकच दिवस सगळ्यांचा शांततेचा ठरवायचा, तर तो दिवस सगळ्यांचा सुट्टीचा असायला हवा. आमच्या एका गल्लीत कचेरीतला माणूस रविवारी मोकळा, मिस्त्री बाजाराच्या दिवशी, ड्रायव्हर भाविक कमी असतील तेव्हा, आणि शेतमजूर काम नसेल तेव्हा, म्हणजे ती सुट्टी नव्हेच. शहरातल्या अनेक सोसायट्या दुपारी दोन ते चार शांतता पाळायला सांगतात, ते बरं आहे, पण आमच्या दादांना त्याचाही अर्धाच उपयोग. त्यांना हवी होती सकाळी सात ते दुपारी एक.

तर त्या रविवारी शेवटी झालं असं. कटर बंद करून मी वहिनींनाच विचारलं, की दादा केव्हा उठतात. एक वाजता. मग मिस्त्रीला सकाळी बिनआवाजाचं काम दिलं: जुने पोपडे हाताने खरवडायचे, टाइल्स मोजून प्रत्येकीवर पेन्सिलने खुणा करायच्या, वायरिंगच्या झिऱ्या कुठून जाणार ते भिंतीवर आखायचं, सिमेंट-वाळू चाळायची. आधी तो नाराज होता, "असं तुकड्या-तुकड्यानं काम होत नाही" म्हणाला. मला त्याचं पटलंही, कारण गवंड्याची एक लय असते आणि ती मोडली की काम लांबतं. पूर्ण हजेरी द्यायची असं बाबांनी आधीच कबूल केलं, तेव्हा तो तयार झाला.

टाइल्स कापायचं काम घराच्या मागच्या रिकाम्या जागेत नेलं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. दादांच्या खिडकीपासून पाच मीटरवर चाललेला कटर चाळीस मीटरवर नेला, म्हणजे अंतर तीनदा दुप्पट, म्हणजे १८ डेसिबल कमी, आणि मध्ये आमचं घर आडवं. एका माणसाला टाइल्स ने-आण करायच्या फेऱ्या वाढल्या, तेवढंच. चक्तीवर बाटलीने पाण्याची धार धरली, धूळही बसली.

राहिलं सामाईक भिंतीतलं ड्रिल. त्याला अंतराचा उपाय नाही. म्हणून सगळी भोकं आखून ठेवली आणि दीड वाजता, दादा उठून जेवल्यावर, एकामागून एक पाडली. सकाळपासून अधूनमधून घर्रर्र करत जे काम दिवसभर चाललं असतं, ते पस्तीस मिनिटांत उरकलं. दादा दारात उभं राहून बघत होते. म्हणाले, "सकाळीच सांगितलं असतं तं मी शेगावलेच झोपलो असतो गाडीत."

मी म्हटलं, दादा, सांगायला शनिवारीच यायला पाहिजे होतं.

काम तीन रविवार चाललं. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेला आदल्या रात्री मी वहिनींकडे जाऊन वेळ विचारून आले. तिसऱ्या रविवारी तर दादाच सकाळी दहाला उठून आले, कारण त्यांनाही मोरीत दोन टाइल्स बसवून हव्या होत्या आणि मिस्त्री हाताशी होता. लोणा मात्र टाइल्सच्या वर बोटभर दिसायला लागलाय.